दोन डाव्या बाह्यांचा शर्ट

आमच्या आत्याला गल्लीत 'कात्री' म्हणतात. एक तिच्या हातात असते, दुसरी तोंडात. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरतात, तरी अजून पायाचं मशीन चालवते. माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढू लागलं की सरळ सांगते, "सोडा हो श्वास. दिवसभर असेच राहणार आहात का?" दुसरं कुणी असं बोललं असतं तर गिऱ्हाइकानं दुकान सोडलं असतं. इथे ते मुकाट्यानं श्वास सोडतं.

तर या आत्याकडे सिनेमावाले आले. म्हणजे त्यांचा कपडेपट सांभाळणारी एक तरुण मुलगी, हातात चित्रांची वही. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या खुनावर सिनेमा निघत होता. शहराच्या लाडक्या, देखण्या गायकानं बायकोला तिच्याच शिवणाच्या दुकानात भरदुपारी गोळ्या घातल्या, ते प्रकरण. जुन्या घाटणीचे कपडे शिवणारं माणूस हवं होतं, म्हणून शोधत शोधत ती आमच्या दारात आली. आत्या सोळाव्या वर्षी त्याच दुकानात शिवण शिकत होती, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. मला होतं. त्यामुळे आत्या "हो" म्हणाली तेव्हा मी चाटच पडले.

"आत्या, त्या माणसाच्या सिनेमासाठी तू शिवणार?"

"त्याचं जाऊ दे चुलीत. तिचे कपडे दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ?"

कपड्यांच्या यादीत शेवटी एक पुरुषी शर्ट होता. पुढे लिहिलेलं, 'प्रियकराचा'. आत्यानं ते वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसली.

त्या एका शर्टावर सगळा खटला फिरला होता. दुकानात फक्त बायकांचे कपडे शिवले जात. नवरा आला, खुंटीवर नवाकोरा पुरुषी शर्ट दिसला, तोही त्याच्या मापाचा नसलेला, आणि त्याचं डोकं फिरलं, असं त्याच्या वकिलानं सांगितलं. प्रियकर शेवटपर्यंत सापडला नाही. शर्ट सापडला, तेवढं लोकांना पुरलं. गायक चार वर्षांत सुटला, पुन्हा गाऊ लागला, आणि लोक तिकिटं काढून ऐकायलाही गेले. धन्य ते लोक.

तो शर्ट आत्याचा होता. दुकानाच्या मालकिणीला ती 'बाई' म्हणायची. बाईंचं म्हणणं असं की जिला शर्टाची कॉलर बसवता आली तिला काहीही शिवता येतं. म्हणून प्रत्येक शिकणारीकडून त्या एक शर्ट शिवून घेत, उरलेल्या कापडाचा, कुणाच्याच मापाचा नाही. कॉलर त्यांनी स्वतः बसवून दाखवली. बाह्या आत्यानं कापल्या. पहिली कापून झाल्यावर कागदी नमुना उलटा ठेवायचा असतो, ते ती विसरली, आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या, म्हणजे उजवा हात घालावा तर बाही त्याला मागे ओढणार. तशाच तिनं जोडूनही टाकल्या. बाई पोट धरून हसल्या, "उद्या उसव गं," म्हणाल्या आणि शर्ट खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या बटणं आणायला गेली असताना नवरा आला.

कोर्टात आत्यानं सांगितलं, शर्ट मी शिवला. वकिलानं ती कॉलर चारचौघांत मिरवली. "एवढी सफाई या पोरीच्या हातची?" सगळे हसले. बाह्यांचं तेव्हा सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही.

"लाज वाटली गं," ती मला म्हणाली. "बाईंच्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं दोन डाव्या बाह्या लावल्या, हे भरल्या कोर्टात कसं सांगू? बाईंचं नाव खराब होईल असं वाटलं. सोळा वर्षांची अक्कल! नाव राखायला गेले आणि मातीत घातलं."

हे बोलताना ती रडली. मग नाक पुसून मशीनला बसली आणि शर्ट शिवला. पट्ट्यापट्ट्यांचं कापड, दोन्ही बाह्या डाव्या. या खेपेला मुद्दाम.

चित्रीकरणाला ती स्वतः शर्ट घेऊन गेली, सोबत मी. प्रसंग असा होता की नायिका शर्ट देते आणि प्रियकर तो घालून आरशात बघतो. नटानं हात घातले. डावा आला. उजवा गेला तो पुढे येईचना. त्यानं जोर लावला तशी काखेत टरकन शिवण उसवली.

"हे काय शिवलंय?" दिग्दर्शक ओरडला.

"जसा होता तसाच," आत्या म्हणाली. "खटल्यात एक शिकाऊ मुलगी होती ना? ती मी. हा शर्ट कुणालाच होत नव्हता. अस्सल शर्ट कोर्टात पडला असेल, मागवा आणि घालून बघा. तेव्हा कुणी बघितलं नाही."

"आजी, आमच्या कथेत शिकाऊ मुलगी नाहीये."

"मग घाला तिला कथेत."

"लोकांना ही गोष्ट पाठ आहे. प्रियकर काढला तर उरतं काय?"

"खून उरतो," आत्या म्हणाली.

दिग्दर्शकानं बाजारातून दुसरा शर्ट मागवला आणि आत्याला अदबीनं बाहेर बसायला सांगितलं. ती बसली नाही. आपला शर्ट नटाच्या अंगावरून उतरवून घेतला आणि घरी आली.

सिनेमा लागला, दणक्यात चालला. आत्यानं काखेची शिवण घातली, स्टूल उचललं आणि दुपारचा खेळ सुटायच्या वेळी थिएटरबाहेर जाऊन बसली. शर्ट कठड्यावर, खाली पुठ्ठा: 'खटल्यातला शर्ट असा होता. घालून दाखवा.' पहिल्या दिवशी मी लाजेनं मान खाली घालून उभी होते. तिसऱ्या दिवसापासून स्टूल मीच उचलू लागले. पहारेकरी हाकलायला आला, तर "रस्ता तुझ्या बापाचा का?" ऐकून परत गेला.

पुरुष हसत हसत यायचे. जाडे, बारके, उंच, सगळ्यांनी हात घालून पाहिले. एकाचा उजवा हात असा अडकला की बायकोला ओढून काढावा लागला. शर्ट उतरला की आत्या बाह्यांची चूक सांगायची, आणि खुंटीचं. काही जण तिला वेडी म्हणून गेले. "असेन," ती म्हणायची.

एकदा एक गृहस्थ आले, तिच्याच वयाचे, नीटनेटके. सिनेमा दोनदा पाहिलेला. त्यांनी शर्ट घातला, काढला, बाह्या उलटसुलट करून पाहिल्या.

"बरं, मानलं," ते म्हणाले. "प्रियकर नव्हता. पण मग त्यानं तिला मारलं का?"

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली.

"हे त्याला विचारायचं होतं. पन्नास वर्षं तुम्ही सगळे तिलाच विचारताय."

रांगेत आणखी तिघे होते. आत्यानं गृहस्थांच्या हातातून शर्ट घेतला, झटकला आणि पुढच्याला बोलावलं.