भिंतीपलीकडे न जाणारा आवाज

आमच्या संगीत मंडळात माझ्याकडे 'वा' म्हणायचं काम होतं. मंडळात सगळ्यात कमी बोलणारी मीच, तरी ते माझ्याकडे आलं.

आम्ही राहतो ओजिमात, तोक्योच्या पूर्वेला. मंडळ म्हणजे तीसेक माणसं. बरीचशी इथल्या सरकारी वसाहतीतली मराठी कुटुंबं, योकोहामाहून गाडी बदलत येणारे दोघं-तिघं, आणि आपल्या संगीताची मनापासून आवड असलेले काही वयस्कर जपानी लोक. मंडळ चालवतात काका आणि काकू. ते कुणाचेच सख्खे काका-काकू नाहीत, पण आम्ही सगळे इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, म्हणून सगळ्यांचे. काका तबला वाजवतात, काकू पेटी, आणि खोली मिळवण्यापासून चहाच्या थर्मासपर्यंत बाकी सगळंही काकूच करतात. मैफलींचं आमचं वर्ष इथल्या ऑफिसांसारखं एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. तेवढ्यात पाच-सहा मैफली होतात.

वॉर्डाच्या कल्चर सेंटरमधली तातामीच्या चटया घातलेली मोठी खोली सोडतीत मिळाली की मैफल ठरायची. संध्याकाळच्या वेळा कोरसवाल्यांना नाहीतर सोशल डान्सवाल्यांना लागायच्या आणि आमच्या वाट्याला कायम दुपार यायची. त्यामुळे आमच्या मंडळाने सारंग ऐकला, पटदीप ऐकला, मुलतानी तर पोट भरून ऐकला, पण संध्याकाळचा यमन कधी झालाच नाही. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं. तेव्हा काका म्हणायचे, "आता लावा यमन. सूर्य तर गेला."

काकू म्हणायच्या, "घड्याळ बघा. पाचच्या आत खोली झाडून किल्ली परत द्यायचीय. झाडताना गुणगुणा तुमचा यमन."

मी मंडळात आले त्या वर्षीच्या पहिल्या मैफलीला पुण्याहून एक बुवा आले होते. तासभर फार सुंदर गायले. खोलीत कुणी हललं नाही. जपानी श्रोते मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसलेले. त्यांच्याकडे बघून आपली माणसंही गप्प. नंतर चहा घेताना बुवा काकांना म्हणाले, "काय हो, मी गायला बसलो होतो की कुणाच्या तेराव्याला?"

"अहो, इथे गप्प बसणं म्हणजे मान देणं असतं."

"मान राहू द्या. एक 'वा' दिली असतीत तरी पोट भरलं असतं."

पुढच्या मीटिंगला काकूंनी विषय काढला. कुणीतरी पुढे बसून दाद द्यायची, म्हणजे या लोकांना कळेल की इथे आवाज केलेला चालतो. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकलेली आहेस. तुला समेची जागा कळते. तू बस पुढे."

"मी? काकू, प्लीज. दुसरं कुणीतरी..."

"दुसरं कोण? हा?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे हनुवटी उडवली. "हा 'वन्स मोअर' म्हणेल."

पहिल्या वेळी माझी 'वा' घशातून अशी काही निघाली की शेजारी बसलेल्या जपानी आजींनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातात ठेवली. हळूहळू जमायला लागलं. पुढे पुढे मी 'वा' म्हटलं की अर्ध्या क्षणाने मागून सगळे जपानी श्रोते एका सुरात 'वा' म्हणायचे, शाळेत कविता म्हणतात तसं. येणारे कलाकार खूश होऊन जायचे. मैफल झाली की मी चपलांच्या कप्प्यापाशी जाऊन उभी राहायचे, म्हणजे कुणाशी फार बोलावं लागायचं नाही.

काकू म्हणाल्या ते खरं होतं. मी शिकलेली होते. शाळेपासून लग्नापर्यंत पुण्यात एका बाईंकडे गाणं शिकले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून बंदिशी मी रोमन अक्षरांत लिहून घ्यायचे. बाई वहीत डोकावून म्हणायच्या, "हे काय, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन?" वर्गात, ऑफिसात, लग्नघरात मी बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही. "पुन्हा सांग गं" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. पण बाईंच्या पुढे बसून 'आ'कार लावला की आवाज दार ओलांडून जिन्यापर्यंत जायचा. खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवायचा, असं बाई सांगायच्या. "ही मुलगी बोलते चमच्याने आणि गाते बादलीने," असं त्या येईल त्याला ऐकवत. माझ्याबद्दल कुणी बोललेलं मला आवडलेलं असं हे एकच वाक्य आहे.

जपानला आले तेव्हा पहिला महिना सकाळी नवरा ऑफिसला गेला की मी तानपुऱ्याचं ॲप लावून गायला बसायचे. आमची दांची, म्हणजे ही सरकारी वसाहत, एकाला एक लागून असलेल्या घरांची, मधल्या भिंतीतून पलीकडचा नळ ऐकू येतो. महिना संपायच्या आत टपालाच्या पेटीत एक कागद आला. त्यावर कानाशी हात नेलेल्या माणसाचं चित्र आणि बाजूला संगीताची एक खूण. फोनने भाषांतर करून दिलं: रोजच्या जगण्यातल्या आवाजांबाबत सर्वांनी थोडी काळजी घ्यावी, ही विनंती.

"सगळ्यांच्या पेटीत टाकलाय," नवरा म्हणाला. "कुणाचं तरी बाळ रडत असेल."

"बाळासाठी संगीताची खूण काढतात का?"

"अगं, आवाज दाखवायला दुसरं काय काढणार? आणि तुला एवढं वाटत असेल तर हेडफोन लावून गा."

"हेडफोन लावून ऐकतात. गात नाहीत."

तो हसला. मीही हसले. पण इथे कुणा एकाला बोट दाखवून सांगत नाहीत, सगळ्यांना सांगतात आणि ज्याचं त्याने ओळखायचं असतं, एवढं मला तोवर कळलं होतं. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई भेटायच्या, वाकून नमस्कार करायच्या, आज उकडतंय नाही, म्हणायच्या. मी त्यांच्या चेहऱ्यात शोधत राहायचे. त्यात कधीच काही सापडलं नाही.

मी खिडक्या लावून गायला लागले. मग आवाज उतरवला. मग वॉशिंग मशीन चालू असतानाच गायचं ठरवलं. इथल्या घरांत गाद्या ठेवायला भिंतीत एक खोल कपाट असतं. त्याचं दार सरकवायचं आणि गाद्यांकडे तोंड करून बसायचं, असंही काही महिने केलं. गाद्या आवाज छान पिऊन घेतात. 'आ'कार सगळ्यात लांब जातो म्हणून तो सोडला आणि ओठ मिटून नुसती गुणगुण ठेवली. एकदोनदा कराओकेच्या खोलीत गेले. काउंटरवरच्या मुलीने "किती जण?" विचारलं, मी एक बोट वर केलं, आणि आत गेल्यावर पलीकडच्या खोलीतल्या हसण्याखाली मला माझाच सा सापडेना. नदीच्या काठावर लोक ट्रम्पेट वाजवायला येतात म्हणून तिथेही गेले होते. तोंड उघडलं तेवढ्यात कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ थांबले आणि मान लववून पुढे गेले. मी बाटलीतलं पाणी प्यायले आणि घरी आले. पुढे मला एका बालवाडीत नोकरी लागली, आणि सकाळी वेळच उरला नाही, असं मी सगळ्यांना सांगायला लागले.

गेल्या वर्षी मार्चच्या मैफलीला येणाऱ्या कलाकाराचं यायचं रद्द झालं. काकू म्हणाल्या, "शेवटची मैफल तू कर."

मी नेहमीसारखं नाही म्हणेन असं त्यांना वाटलं असावं, कारण मी हो म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तो आवाज अजून आहे का. कपाटात बसून गाताना मी स्वतःला सांगत आले होते की आवाज कुठे गेलेला नाही, मी तो फक्त ठेवून दिलाय, थंडीचे कपडे ठेवतात तसा. बाहेर काढला की थोडा वास येईल, झटकला की ठीक होईल. आधी कुठेतरी जाऊन एकदा मोकळा सूर लावून बघणं सहज शक्य होतं. ते मी केलं नाही. भीमपलासची तयारी मी त्याच कपाटासमोर केली.

मैफलीच्या दिवशी खोली भरली होती. मुलांना मागे बसवून त्यांच्या हातात फोन दिले होते. काकांनी हातोडीने तबला लावून घेतला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. सुरुवात बरी झाली. खालचे स्वर माझे होतेच, तिथे फार आवाज लागतही नाही. गंधार लागला, मध्यमावर थांबता आलं. मग वरच्या षड्जाकडे जायची वेळ आली. मी तोंड उघडलं, आणि कुणीतरी आतून हात ठेवावा तसा घसा मिटला. सूर लागला. सुरातच लागला. पण सुईएवढा. मी खाली आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. पुन्हा तेवढाच. आणखी जोर लावला तर तो किनरा झाला आणि मागच्या एका मुलाने फोनमधून मान वर करून बघितलं.

तेव्हा मला ऐकू आलं की काकांचा डग्गा हळू झालाय. काकूंनीही पेटीचा भाता कमी केला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नव्हतं, पण दोघंही मला जागा करून देत होते. मी उतरले की ते उतरायचे. असं करत करत आम्ही तिघं इतके खाली आलो की खोलीतल्या एसीचा आवाज आमच्यापेक्षा मोठा झाला. दाद द्यायच्या जागेवर कुणी नव्हतं, त्यामुळे खोली शेवटपर्यंत गप्प होती. द्रुत बंदिश मी लवकर संपवली. टाळ्या चांगल्या वाजल्या.

"गोड झालं हो," काकू म्हणाल्या. गाणाऱ्यांत 'गोड' कधी म्हणतात ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. काका तबल्यावर गवसणी चढवत होते, आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ चढत होती.

दर मैफलीला डोळे मिटून बसणारे एक जपानी आजोबा माझ्याजवळ आले. मला समजावं म्हणून सावकाश, सोप्या जपानीत बोलले. भारतीय गाणं मला आवडतं, म्हणाले, पण गायक फार मोठ्याने गातात, ते मला थोडं जड जातं. तुमचा आवाज शांत आहे. असं गाणं मी आज पहिल्यांदा ऐकलं. आणि ते खोल वाकले. त्यांचे डोळे ओले होते, ते उगाच बोलत नव्हते. मीही वाकले, आणि ते जाईपर्यंत मला मान वर करता आली नाही.

नवऱ्याने सगळी मैफल रेकॉर्ड केली होती. मला न विचारता त्याने ती बाईंना पाठवली. त्याला अभिमान वाटला होता, त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. रविवारी दुपारी बाईंचा फोन आला.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "सूर बरोबर आहेत. लयीला पक्की आहेस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिथे शेजारी कोण झोपलंय?"

"म्हणजे, बाई?"

"झोपलेलं माणूस उठू नये म्हणून गातात तसं गायलीस. कोण झोपलंय गं?"

"कुणी नाही."

"मग आत्ता एक आ लाव. फोनवरच. मोकळा."

"आत्ता नको बाई. नंतर करते."

"नंतर कधी? लाव."

नवरा सोफ्यावर बसला होता. त्याने टीव्ही बंद केला. पलीकडच्या गॅलरीत शेजारच्या बाई गादी झटकत होत्या, धप धप आवाज येत होता. मी उठून खिडकी लावायला गेले आणि मध्येच थांबले, कारण फोनवर बाईंना खिडकी सरकल्याचा आवाज गेला असता. परत येऊन बसले. पाठ ताठ केली. बाईंनी स्वर दिला, म्हातारा झालेला, थरथरणारा, पण मोबाईलच्या त्या एवढ्याशा छिद्रातून खोलीभर पसरणारा. मी तोंड उघडलं.

माझा सुईएवढा सूर संपल्यावर फोनवर काहीच आलं नाही. कॉल तुटला असं वाटून मी स्क्रीनकडे बघितलं. चालू होता. मी वाट बघत होते की त्या ओरडतील, पुन्हा म्हणतील, पोटातून आण म्हणतील, शिकताना म्हणायच्या तसं मूर्ख म्हणतील.

"बरं," बाई म्हणाल्या. "जेवलीस का?"

इतक्या वर्षांत गाण्याच्या मध्ये त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

"जेवले," मी म्हटलं. मग त्यांनी इथली थंडी कमी झाली का ते विचारलं, जावईबापू कसे आहेत विचारलं, आणि मी सगळ्याची नीट उत्तरं दिली.