सौम्य धक्का

दुपारी मांडणीतली भांडी किणकिणली आणि थांबली. निकोबारात भूकंपाचे असे सौम्य धक्के बसतातच. सौम्य म्हणणं मोजणाऱ्याला सोपं. ज्याचं माणूस पाण्यावर आहे त्याला नाही. मोठ्या लाटेआधी समुद्र मागे ओढला जातो, म्हणून इथं सगळे आधी पाणी बघतात. शेजारची मार्था मात्र किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभी होती. तिचा नवरा होडी घेऊन गेला होता.

"ताई, तुम्हीच बघा. पाणी मागे गेलं का?"

मी देशावरची. साधी ओहोटी कोणती, हे मला काय कळणार? मागे गेलेलंच वाटलं.

"चल, टेकडीवर."

"आणि तो?"

"त्याला समुद्र कळतो. चल आधी."

ती वळली आणि पाण्याकडे तोंड करून बसली. "तुम्ही व्हा पुढे. परत आला तर किनाऱ्यावर कुणीतरी दिसायला हवं."

हा वेडेपणा होता. पण तिला ओढून न्यायला माझा हात उचलेना.