यान मावशींनी दिलेला जोडा

पेकिंगमधल्या आमच्या गल्लीत यान मावशी जोडे शिवायच्या. लहानपणापासून पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या, वाढ खुंटवलेल्या पायांचे, रेशमी, तळहातावर मावणारे. त्यांचा जोडा घालून नवरी उभी राहिली की सासूचं तोंड बंद, असा त्यांचा लौकिक. जीभ मात्र तिखट. कुणी घासाघीस केली की म्हणायच्या, "मग अनवाणी जा की!" मला त्या फार आवडायच्या.

आणि अशा बाईच्या पोटी वानछिंग! मुलींच्या शाळेत गेली, व्याख्यानं ऐकली आणि पायाच्या पट्ट्या सोडून मोकळी झाली. मावशींनी कपाळावर हात मारला. लग्नं जुळवणाऱ्या फू बाईंनी कापडवाल्यांचं स्थळ आणलं होतं, आणि होकाराआधी मुलीचा जोडा मागून न्यायची आमच्याकडे रीत. सासू आधी जोडा बघते, मुलीचं तोंड मागाहून.

"लहानसा शिवून देते. लग्नानंतर कोण मोजतंय?" मावशी मला म्हणाल्या.

"आणि सासरी पाय काय खिशात ठेवेल?"

"तू गप्प बस गं!"

त्याच वर्षी, १९१९च्या जूनमध्ये, सरकारने कॉलेजची पोरं धरून कोंडली. आपला शांतुंग प्रांत जपानच्या घशात गेलं म्हणून ती रस्त्यारस्त्यावर भाषणं करत होती. त्यांना सोडवायला शाळांतल्या मुली मोर्चाने निघाल्या. पेकिंगने असं कधी पाहिलं नव्हतं. वानछिंगही निघाली. "दोन गल्ल्या चालशील आणि बसशील!" मावशी ओरडल्या. तिच्या पायातला मोठा, बोटं अजून दुमडलेलीच म्हणून पुढे कापूस भरलेला जोडा त्यांनीच शिवला होता, शिव्या देत देत.

संध्याकाळी पोरगी लंगडत आली, पण आपल्या पायांनी आली. "राष्ट्राध्यक्षांच्या दारापर्यंत गेलो, आई!"

मावशींनी पाणी गरम केलं, तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि घळाघळा रडल्या. "मीच बांधले होते गं हे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फू बाई आल्या. चिमुकला रेशमी जोडा फळीवर तयार होता. मावशींनी तिकडे बघितलंही नाही. लेकीच्या पायातला काढला, कापूस झटकला आणि दिला.

"अगं बाई, हा जोडा की होडी?"

"होडी समजा. माझी लेक बुडायची नाही."

थोड्याच दिवसांत फू बाई जोडा परत घेऊन आल्या. कापडवाल्यांचा नकार होता. इतकं चांगलं स्थळ! माझा जीव हळहळला. मावशींनी मात्र जोडा उलटसुलट करून पाहिला आणि धूळ पुसली.

"बरं झालं लवकर आणलात. माझी पोर जुन्या फाटक्या जोड्यांत शाळेत जातेय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. "वानछिंग, ये गं, पाय पुढे कर."