लोणचं म्हणून आणलेल्या चार बाटल्या

बिअरची छोटी भरलेली बाटली साडेपाचशे ग्रॅमच्या वर भरते. चार बाटल्यांचे सव्वादोन किलो. लेकीच्या बेंगळुरूच्या घरात बॅग तोलायच्या हातकाट्याला मी त्या एकेक करून लावून पाहिल्या. लातूरला एका दाळमिलमध्ये मी सव्वीस वर्षं वजनकाट्यावर बसतो, त्यामुळे ही सवय सुटत नाही. मी दारूला कधी हात लावलेला नाही, पण त्या चार बाटल्यांचं वजन मला अजून पाठ आहे.

बाटल्या माझ्या मेहुण्यासाठी होत्या. बायकोचा हा धाकटा भाऊ नांदेडला राहतो. लेकीच्या लग्नात मामा म्हणून तो वरातीत इतका नाचला, की जावईबापूंना त्याचा लळाच लागला. त्याच धुंदीत तो जावयाला म्हणाला होता, "तुमच्या बेंगळुरूची एकदा पाजा." सहा महिन्यांनी त्याचं पोट फुगलं. सतरा दिवस दवाखान्यात आणि त्यानंतर तीन महिने व्यसन सोडवायच्या केंद्रात काढले. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, की यापुढे एक घोटही चालणार नाही. तेव्हापासून चौदा महिने तो कोरडा होता.

जावयाला यातलं काही माहीत नव्हतं. बायकोनं माझ्याकडून शब्द घेतला होता, "पोरीच्या सासरी कळता कामा नये." आम्ही सगळ्यांना कावीळ सांगितली. लेकीलाही तेच सांगितलं.

जाताना माझ्या बॅगेत अकरा किलो तूरडाळ आणि लोणच्याची बरणी होती. आमच्याकडं भरलेलं भांडं आलं, तर ते रिकामं परत करत नाहीत. लेकीनं हे जावयाला शिकवलं होतं. निघायच्या आदल्या दुपारी जावईबापूंनी चार बाटल्या टेबलावर मांडल्या.

"तुमच्याकडं बॅग रिकामी पाठवत नाहीत ना, बाबा? मामांना द्या. लग्नातला शब्द राहिलाय."

मी विचारलं, "दुसऱ्या राज्यातून अशा न्यायला परवाना लागत असेल ना?"

ते हसले. "चार बाटल्यांना कोण विचारतंय?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. लेक समोर भाजी निवडत होती, आणि मामाची कावीळ बरी झाली का, हे तिनं त्याच सकाळी विचारलं होतं. मी बॅग उघडली.

जावईबापूंनी मोबाईलवर काहीतरी वाचून बुचांना चिकटपट्टी लावली. विमानात बाटल्या फुटत नाहीत, बॅगा ठेवतात तिथंही हवेचा दाब राखलेला असतो, असं ते म्हणाले. पुढचं मी माझ्या आईच्या पद्धतीनं केलं. आई लोणच्याच्या बरण्या बैलगाडीतून माहेरी न्यायची, त्यात एकही कधी तडकली नाही. काचेला काच लागू द्यायची नाही, एवढाच तिचा नियम. प्रत्येक बाटली पायमोज्यात घातली, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड पीळ देऊन बांधलं. बॅगेच्या तळाशी टॉवेल अंथरला, मधे बाटल्या एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं अशा आडव्या ठेवल्या आणि त्यांच्या फटींत लुंगी, बनियन दाबून बसवले. वर चादर. चारही कडांनी चार बोटं कपडा राहील असं पाहिलं. बॅग बंद करून हलवली तर आवाज नाही. जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्ही तर कुरिअर कंपनीच काढा."

मला ते बोलणं लागलं. घरी जाऊन "वाटेत फुटल्या" असं सांगायचं मी मनात ठरवलं होतं, आणि हात मात्र त्या फुटू नयेत म्हणून झटत होते. सैल बांधल्या असत्या तर खरंच फुटल्या असत्या. पण दुसऱ्यांच्या सामानावर सांडेल असं काही मला बांधता येत नाही.

विमानतळावर बॅग नऊ किलो चारशे भरली. काउंटरवरच्या मुलीला मी न विचारताच सांगितलं, आत बिअर आहे. तिनं फक्त बाटल्या नीट बांधल्यात का एवढं विचारलं. तिच्या मागं कचऱ्याचा डबा होता. तिथंच टाकून द्याव्यात असं वाटलं, पण जावईबापू मामाला फोन करून विचारणार, म्हणजे फुटल्या म्हटलं तरी बाटल्यांचं त्याला कळणारच होतं. काय करावं ते विमान उतरेपर्यंत मला सुचलं नाही.

नांदेडला मेहुणा मोटारसायकल घेऊन बाहेर उभा होता. वाळला होता, पण चेहरा स्वच्छ होता. त्यानं नेहमीसारखी बॅग माझ्या हातातून घेतली.

"जड हाय, दाजी. काय भरलंय पोरीनं?"

"लोणचं," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. "लोणचं तर इथून गेलतं. ते माघारी कसं आलं?"

"त्यांच्याकडचं आहे. वेगळं."

"हाव का," तो म्हणाला, आणि बॅग टाकीवर आडवी ठेवून त्यानं गाडी सुरू केली.

बसस्थानकाबाहेर चहाला थांबलो. बॅग त्यानं स्वतःच्या पायाशी ठेवली होती. अर्धा कप झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही विमानात होता तवा जावईबापूंचा फोन आलता."

मी त्याच्या पायाशी असलेल्या बॅगेकडं पाहिलं.

"म्हणले, मामा, चार पाठवल्यात. बाबांनी लई झ्याक बांधल्यात." तो हसला नाही. "मी सांगितलं त्यांना. कावीळ न्हवती म्हणलं. दारूनं झालतं. केंद्रात तीन महिने राहून आलो म्हणलं."

"सगळं?"

"सगळं. लई घाबरले बिचारे. माफी मागून राहिले. मी म्हणलो, तुमचा काय दोष? तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई."

"तुझ्या ताईनं..."

"ताईला लाज वाटती, ठाव हाय मला. पण दाजी, मी तुम्हाला विचारलं, काय हाय म्हणून. तुम्ही लोणचं म्हणलात." कप खाली ठेवून तो म्हणाला, "चौदा महिन्यांत समदे माझ्यापासून असंच लपवतेत, संशयानं बघतेत. मी खिडकीकडं सरकलो तरी, प्यायला चाललो म्हणून. तुम्ही न्हाई बघणार असं वाटलं होतं."

माझ्या काट्यानं कुणाचं वजन कमीजास्त दाखवलेलं नाही, हे मी किती वेळा किती जणांना सांगितलं होतं.

लातूरची गाडी लागली. मी म्हणालो, "बाटल्या इथंच काढून टाकू. त्या गटारात."

"इथं नको." तो पटकन म्हणाला, आणि बॅग माझ्याकडं ढकलली. "तुम्ही घेऊन जा. माझ्यासमोर उघडू नका. मी सोडली हाय, दाजी. पण एवढी न्हाई सोडली."

बॅग वर ठेवायची हिंमत झाली नाही. तीन तास ती मांडीवर होती. खड्डा आला की मी तिला दोन्ही हातांनी धरायचो आणि ती जपल्याचा मलाच राग यायचा.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बायकोला दारातच सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली. बॅग उघडायच्या आतच मेहुण्याचा फोन आला.

"पोचलात का?"

"पोचलो."

"ओतल्या का?"

"आता ओततो."

"मग फोन चालू ठेवा. मला ऐकू द्या."

"अरे, ओततो म्हणालो ना."

"लोणचं बी म्हणला होता तुम्ही."

मी मागच्या मोरीपाशी गेलो. बायकोनं फोन हातात धरला, भावाचा आवाज मोठा करून. मी एकेक बाटली पायमोज्यातून काढली. एकही फुटली नव्हती, एकीलाही चरा नव्हता. घरात ओपनर नाही, म्हणून पकडीनं बूच ओढलं. गाडीत हिंदकळलेली पहिली बाटली माझ्या हातावरच फसफसली. मोरीत ओतली. तो पलीकडून म्हणाला, "एक." त्याचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या बाटलीला "दोन" म्हणायला त्याला वेळ लागला. तिसरीला बायकोनं फोन जरा लांब धरला, तर तो ओरडला, "ताई, जवळ धर."

चौथी संपल्यावर मी बादलीभर पाणी टाकलं.

"चार," तो म्हणाला. मी रिकाम्या बाटल्या भिंतीशी लावल्या.

"दाजी, वास आला का?"

"आला."

"मला बी आला," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.