बँडवर बसवलेल्या पाच ओव्या

मंगरूळपीरला माझा बँड होता. दोन क्लॅरिनेट, एक कॉर्नेट, ढोल, ताशा, आणि एक मोठा भोंगा. लग्नात नाटकांतली तीच ती पदं वाजवून मी कंटाळलो होतो. आपलं स्वतःचं काहीतरी करावं, असं मनात आलं. चाली मला सुचायच्या, शब्द सुचायचे नाहीत.

शब्द घरातच होते. बायको पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची आणि मी पलीकडच्या खोलीत पांघरुणात पडून ऐकायचो. जेवायला ये, तुझी वेणी घालायची राहिली, इतक्या लांब कशाला गेलीस, असं काहीबाही. तिची धाकटी बहीण मेडशीला दिली होती. तिच्याच आठवणीने गाते, असं मी धरून चाललो. जात्यावरच्या ओव्यांबद्दल पुरुषाने विचारायची रीत नव्हती, आणि ती मोडण्याइतकी मला उत्सुकताही नव्हती. पाच ओव्या निवडल्या, पाच चाली बांधल्या, एकीतून दुसरी निघेल अशा सलग बसवल्या.

शेलूबाजारच्या एका जैन कापडव्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पाठवणीला आम्ही त्या वाजवल्या, गायलो मी. नवरी रडली, तिची आई रडली, भोंगेवाल्याचाही श्वास चुकला. मी भलताच खूष झालो. बायकांच्या घोळक्यात माझी बायको तेवढी कोरडी उभी होती. नवऱ्याचं कौतुक करायला लाजत असेल, असं मला वाटलं.

परतताना बैलगाडीत तिला विचारलं, "कसं झालं वं?"

"चांगलं झालं." मग म्हणाली, "मी आपल्या पोरीले बोलावत होती. तुमी लग्नात वाजवून टाकलं."

आमची मुलगी सहा वर्षांची होऊन देवीच्या साथीत गेली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. बायको हळूहळू विसरते आहे, आपण बोलून कशाला खपली काढा, असा माझा हिशेब. इतका मी शहाणा.

दुसऱ्या दिवसापासून जातं फिरायचं, ओवी नसायची. आठ दिवस मी नुसती घरघर ऐकली. मला ते सहन होईना. नवव्या पहाटे उठलो आणि तिच्यासमोर बसून जात्याचा खुंटा धरला. शेजारणीने पाहिलं असतं तर गावभर हसं झालं असतं.

"म्हन ना," मी म्हणालो. "आता कुठं वाजवनार नाही."

"तुमी म्हना. तुमचीबी पोरगी होती ते."

पाचही ओव्या मला तोंडपाठ होत्या. गावासमोर गायलो होतो. तिथे एक ओळ फुटेना. खुंटा धरून रडलो, आणि शेवटी तोंडातून आलं ते फक्त पोरीचं नाव, तेही चालीशिवाय. बायकोने मूठभर ज्वारी जात्यात टाकली आणि त्या नावावरून ओवी धरली.