पुढच्या सीटवरची हळद

आमच्या पप्पांनी जन्मभर कंपनीच्या बसनं चाकणला ये-जा केली आणि रिटायर व्हायच्या आधी एकच चैन केली. सेकंडहँड गाडी घेतली, तीही क्रीम कलरच्या लेदर सीटची. थेरगावच्या धुळीत क्रीम कलर. ज्यानं ती विकली, तो माणूस हुशार होता.

तेव्हापासून घरात माणसांपेक्षा सीटांचे लाड जास्त. नवी जीन्स घालून बसायचं नाही, निळा रंग उतरतो. डोक्याला तेल लावलं असेल तर मान पुढं धरून बसायचं. दर रविवारी पप्पा मऊ ओल्या फडक्यानं सीटा पुसायचे, मग त्यांना हलक्या हातानं क्रीम चोळायचे. आईच्या टाचांना इतक्या भेगा, पण तिला कधी कुणी क्रीम चोळलं नाही. हे ती बोलूनही दाखवायची.

माझं लग्न ठरलं आणि पप्पांचं बिनसलं. मुलात खोट नव्हती. पण मी आधी आईला सांगितलं, आईनं आत्याला, आणि आत्याच्या मिस्टरांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांदेखत पप्पांकडे पेढे मागितले. पप्पांना बातमी कळली ती अशी. त्यांनी होकार दिला, हॉल बुक केला, फक्त माझ्याशी बोलणं सोडलं. मी समोर जेवत असताना आईला म्हणायचे, "तिला विचार, भात हवाय का." मीही त्यांचीच पोरगी. मी आईलाच म्हणायचे, "नकोय म्हणावं." पण आतून जीव तुटायचा. बाप बोलत नाही आणि आपण सासरी निघालोय, याच्यासारखं वाईट काही नाही.

हळदीला गच्चीवर डीजे, बायका पिवळ्याधमक आणि नवरीचा बाप गायब. खाली डोकावले तर पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं, आणि पप्पा सीटला क्रीम लावतायत. माझं टाळकंच सटकलं. हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून आत्या मागून ओरडत होती. मी तशीच जिना उतरले, पलीकडचं दार उघडलं आणि हळदीनं निथळत पुढच्या सीटवर बसले. चांगली पाठ टेकून.

"आता बोला," मी म्हणाले.

पप्पांचा आ वासलेला. मग कित्येक महिन्यांनी पहिलं वाक्य आलं.

"ऊठ आधी, गधडे."

"नाही उठत."

"अगं लेदर आहे ते."

"आणि मी कोण आहे?"

पप्पा हळूच म्हणाले, "मला बसमध्ये कळावं होय गं?"

"तुम्हाला सांगायची भीती वाटली."

"माझी कसली भीती," म्हणता म्हणता ते रडायलाच लागले. हातातल्या फडक्यानंच डोळे पुसले, ते क्रीम डोळ्यांत गेलं, मग आणखी पाणी. मला रडावं की हसावं कळेना, मी दोन्ही केलं.

उठले तर सीटवर माझा अख्खा ठसा. घाईघाईनं मी कपड्यांचा साबण आणून घासला, तर पिवळ्याचं लालभडक झालं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, नवरी सोडून. पप्पा मटकन खालीच बसले. साध्या पाण्यानं पुसत राहिल्यावर लाली गेली, पिवळा डाग राहिला. बिल्डिंगखालच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, "काका, थोडे दिवस गाडी उन्हात लावा. हळद उन्हानं आपोआप उडते."

लग्न झाल्यावर पप्पा आम्हाला मांडवपरतणीला न्यायला माझ्या सासरी, वाकडला आले. नवऱ्यानं जावयाच्या थाटात पुढचं दार धरलं.

"तुम्ही मागं बसा," पप्पा म्हणाले. "पुढं ती बसते."

तो बिचारा मुकाट मागं गेला. मी दार उघडलं तर डाग जसाच्या तसा. पाठीचा, पंजाचा, सगळा.

"गाडी कुठं लावता हो?"

"सावलीत. जागा मागून घेतली सोसायटीकडून."

"अहो पप्पा, उन्हात लावली असती तर एव्हाना गेला असता डाग."

"माहितीय मला," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.