तक्त्यावरची तांबडी खूण

घरातली थोरली डॉक्टर झाली खरी, पण डॉक्टरकी अजून अंगात मुरायची होती. पदवीनंतरचं पहिलं वर्ष शिकाऊ. दर दोन महिन्यांनी नवा वॉर्ड, आणि खिशात एक निळी वही. एखादं काम स्वतःच्या हाताने केलं की वरचे डॉक्टर वहीत सही करत. मग मोठ्या सिस्टर भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या नावापुढे तांबडी खूण करत. म्हणजे ते काम तिला एकटीने करायची मुभा.

सगळ्या सह्या झाल्या, एक राहिली. मनगटाच्या धमनीतून रक्त काढायचं. सहा वेळा शेजारी उभं राहून पाहिलं होतं. दर वेळी घाईत असलेल्या कुणीतरी सुई तिच्या हातातून काढून घेतली होती. शनिवारी मुदत संपणार. सही नाही तर त्याच वॉर्डात पुन्हा दोन महिने.

"पाहिलंस ना?" बुधवारी वरचे डॉक्टर चालता चालता म्हणाले. "झालं तर मग." आणि सही ठोकली.

घरी आईने देवापुढे हात जोडले. "सुटलीस बाई. आता मावशीला कळवते." थोरली अर्ध्या ताटावरून उठली.

शुक्रवारी सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचा श्वास वाढला. वरचे डॉक्टर खाली तातडीच्या विभागात अडकलेले. मोठ्या सिस्टरनी तक्त्याकडे पाहिलं आणि ट्रे तिच्या पुढ्यात ठेवला.

"डॉक्टरबाई, मनगटातलं रक्त घ्या. तुमची खूण आहे."

थोरलीने हातमोजे चढवले, काकांची नाडी बोटाखाली घेतली, आणि तिथेच थांबली.

"सिस्टर, सही आहे, पण हात नाही. मी एकदाही काढलेलं नाही."

सिस्टरनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. फोन उचलला. दहा मिनिटांत वरचे डॉक्टर धापा टाकत आले, रक्त काढलं, काकांचा प्राणवायू वाढवला. मग बाहेर व्हरांड्यात तिला म्हणाले, "माझ्या सहीचं तू काय केलंस?"

"सर, खोडा ती."

"दोन महिने जातील."

"जाऊ देत."

त्यांनी खोडली. त्यांचे कान लाल झाले होते. तक्त्यावरची खूण सिस्टरनी ओल्या बोळ्याने पुसली.

घरी आईने तोंड फिरवलं. "मावशीला आता काय तोंड दाखवू?" थोड्या वेळाने तीच ताट घेऊन आली. "देवाला खोटं चालत नाही हे मीच शिकवलं ना तुला? भोगते. जेव."

सोमवारी थोरली त्याच वॉर्डात, त्याच खाटेपाशी. रक्त पुन्हा तपासायचं होतं. आज वरचे डॉक्टर हात मागे बांधून उभे होते. शिंपीकाका बरे होते, जीभ तर पुरती बरी.

"आज तूच ना?" त्यांनी मनगट पुढे केलं. "घाबरू नकोस, पोरी. चाळीस वर्षं सुई धरली मी. टोचताना आपला श्वास नाही रोखायचा, हात थरथरतो."

तिने श्वास सोडला. दोन बोटांखाली नाडी उडत होती. सुई तिरकी आत गेली आणि नळीत रक्त आपोआप चढू लागलं, ठोक्याठोक्याने.

"आता दाबून धरा, पाच मिनिटं," सिस्टर म्हणाल्या.

थोरलीने घड्याळ लावून पाच मिनिटं दाबून धरलं. तोवर काका तिच्या कोटाची उसवलेली बाही न्याहाळत होते.